अरुशातला गार उन्हाळा : प्रगत स्वाहिली आणि एका बचत गटाची बैठक

हे प्रकरण एका विद्यार्थिनीचं आहे. तिचं नाव देत नाही, विद्यापीठाचंही नाही. मूळची सातारा जिल्ह्यातली, अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणारी आणि तिथेच पीएच.डी. करणारी. संशोधनाचा विषय टांझानियातल्या महिलांचे बचत गट, ज्यांना तिथे 'विकोबा' म्हणतात. विषय तिने उगाच निवडला नव्हता. तिची आई गावात बचत गट चालवायची आणि ती लहानपणापासून त्या बैठकांना कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. विद्यापीठात दोन वर्षं स्वाहिली शिकून, उत्तम गुण मिळवून, ती टांझानियातल्या अरुशा शहरात आठ आठवड्यांच्या प्रगत अभ्यासक्रमासाठी आली. त्या वर्षी मी तिथे शैक्षणिक समन्वयक होते.

तिसऱ्या आठवड्यात तिची भाषा जिथल्या तिथे थांबली. ती का थांबली आणि परत कशी सुरू झाली, ते इथे नीट मांडते. परदेशी भाषा प्रगत पातळीवर शिकणाऱ्या बहुतेकांना हा टप्पा लागतो आणि त्यावर व्याकरणाचं आणखी एक पुस्तक हा उपाय नसतो, असं माझं ठाम मत आहे.

पैसा कुठून आला

हा कार्यक्रम फुलब्राइट-हेज या योजनेतल्या गटप्रकल्पांपैकी होता. योजना अमेरिकेच्या 1961 च्या कायद्यातून आली आणि तेव्हा ती तिथला शिक्षण विभाग चालवत होता. नावात फुलब्राइट असलं तरी परराष्ट्र खात्याची प्रसिद्ध शिष्यवृत्ती वेगळी आणि ही वेगळी; अर्ज करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. प्रगत भाषा प्रकल्पाच्या नियमात तीन गोष्टी स्पष्ट आहेत : शिक्षण विद्यापीठात दोन वर्षं शिकून झालेल्यांच्या पातळीचं हवं, भाषा त्या देशातलीच हवी, आणि शिकवण्यासाठी स्थानिक संस्था आणि स्थानिक माणसं जास्तीत जास्त घ्यायची. हा तिसरा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या प्रकरणात पुढे जे जमलं ते त्याच्याच जोरावर.

पात्रतेबद्दल मराठी मुलं मला वरचेवर विचारतात, म्हणून इथेच सांगते. या योजनेत अमेरिकी नागरिकांबरोबर कायम रहिवासीही चालतात, म्हणून आमच्या विद्यार्थिनीला भारतीय पासपोर्टवर येता आलं. विद्यापीठांमार्फत मिळणाऱ्या फ्लास शिष्यवृत्तीलाही ग्रीन कार्ड चालतं. क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप आणि बोरेन या दोन्ही शिष्यवृत्त्या फक्त नागरिकांसाठी. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना यांतलं काहीच मिळत नाही. त्यांनी आपल्या विभागाच्या उन्हाळी निधीकडे बघावं आणि झांझिबारचं राज्य विद्यापीठ किंवा दार-एस-सलाम विद्यापीठ यांच्याकडे थेट चौकशी करावी. दोन्हीकडे परदेशी विद्यार्थ्यांना स्वाहिली शिकवण्याची जुनी परंपरा आहे. 2025 साली अमेरिकेच्या शिक्षण विभागाने फुलब्राइट-हेजच्या त्या वर्षाच्या स्पर्धा रद्द केल्या. असा पैसा नेमकं काय घडवतो हे लिहून ठेवणं मला म्हणूनही गरजेचं वाटतं.

ती आली तेव्हा

जून ते ऑगस्ट हा अमेरिकेचा उन्हाळा, पण अरुशात तेव्हा थंडी असते. शहर सुमारे 1,400 मीटर उंचीवर, डोक्यावर 4,566 मीटरचा मेरू पर्वत, सकाळी ढग खाली उतरलेले. मुलं सुती कपडे घेऊन येतात आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या कपड्यांच्या बाजारात, म्हणजे मितुंबात, स्वेटर शोधत फिरतात. भाव करण्याचा तो पहिला धडा.

आल्यावर तोंडी परीक्षा झाली. अमेरिकेत रूढ असलेल्या अ‍ॅक्टफल मोजपट्टीवर तिची पातळी 'इंटरमीडिएट हाय' निघाली. याचा अर्थ, पुढच्या पातळीची बरीच कामं तिला जमत होती, पण शेवटपर्यंत टिकत नव्हती. भूतकाळातली घटना सांगताना सुरुवात छान व्हायची आणि मध्येच काळ घसरायचा. अमेरिकेची परराष्ट्र सेवा संस्था इंग्रजी बोलणाऱ्याला स्वाहिलीत कामापुरतं पारंगत व्हायला सुमारे 36 आठवडे, 900 तास धरते. आठ आठवडे त्यापुढे किती कमी आहेत हे लक्षात घेतलं, तर ते कुठे खर्च करायचे हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते कळतं.

तिच्याकडे मराठीमुळे आलेली एक शिदोरी होती. अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी वाटांनी स्वाहिलीत गेलेले शेकडो शब्द आपल्याकडेही आहेत : हिशेबाला हेसाबू, वहीला दफ्तारी, भागाला हिसा, लाखाला लाकी, वकिलाला वाकिली, दलालाला दलाली. नामाप्रमाणे विशेषण आणि क्रियापद बदलतं याचाही तिला धक्का बसला नाही, कारण मराठीत तीन लिंगांचा तोच खेळ आहे. स्वाहिलीत फक्त वर्ग जास्त आणि बदल शब्दाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला. अमेरिकी सोबत्यांपेक्षा ती म्हणूनच पुढे दिसायची. पण ओळखीचे शब्द भराभर कानावर पडले की वाक्य समजल्यासारखं वाटतं. ते खरंच समजलेलं असतं असं नाही. तिची खरी कच्ची बाजू या शब्दांच्या आड राहिली.

7 जुलै

7 जुलै हा टांझानियात सबा सबा, सुट्टीचा दिवस. 1954 साली याच तारखेला, पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या न्येरेरेंच्या नेतृत्वाखाली तानू हा पक्ष स्थापन झाला. 2021 मध्ये युनेस्कोने हाच दिवस जागतिक स्वाहिली दिन म्हणून जाहीर केला. त्यानिमित्त आमच्या केंद्रात छोटा कार्यक्रम होता आणि तिने भाषण केलं. विषय उतांदावाझी, म्हणजे जागतिकीकरण. भाषण लिहून, शिक्षकांकडून तपासून, पाठ केलेलं. शब्द अचूक, उच्चार स्वच्छ. टाळ्या झाल्या आणि त्या मनापासूनच्या होत्या.

त्याच संध्याकाळी ती ज्या घरी राहत होती तिथे शेजारीण आली. पैशांवरून काहीतरी बिनसलं होतं. शेजारीण तावातावाने बोलत होती, घरची आई मध्ये मध्ये "पोले, पोले" म्हणत समजूत घालत होती. मग शेजारणीने हिलाच विचारलं, "तू सांग गं मुली, चूक कुणाची?" आणि हिला उत्तर देता येईना. शब्द जवळजवळ सगळे कळले होते. पण पैसे कुणी कुणाला दिले होते आणि कोण कुणाचं देणं लागत होतं, एवढंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने हे आमच्या ज्येष्ठ म्वालिमूंना, म्हणजे शिक्षकांना, सांगितलं. त्यांनी तिच्याकडून तो प्रसंग जसा आठवतो तसा वदवून घेतला आणि गाठ कुठे पडते ते पाच मिनिटांत दाखवलं. कोपा म्हणजे उसने घेणे. कोपेशा म्हणजे उसने देणे. कोपेश्वा म्हणजे उसने दिले जाणे, आणि कोपेशाना म्हणजे एकमेकांना देणे-घेणे. एकाच धातूला प्रत्यय जोडत गेलं की देणारा-घेणारा बदलतो, आणि कर्मणी प्रयोगात तर देणाऱ्याचं नाव न घेताही वाक्य पुरं होतं. वर्गात हे तिने दोन वर्षांपूर्वीच शिकलेलं होतं आणि परीक्षेत रिकाम्या जागाही बरोबर भरल्या होत्या. पण रागावलेल्या बाईच्या तोंडून, वाक्यामागून वाक्य येत असताना, ते पकडण्याची सवय नव्हती. आणि तिचा संशोधनाचा विषयच कर्ज होता.

आमचं वेळापत्रक बघितलं तर याचं कारण दिसत होतं. सकाळी चार तास वर्ग : 'म्वानांची' आणि 'निपाशे' या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, वादविवाद, निबंध, व्याकरण. विषय भ्रष्टाचार, हवामान, शिक्षणाचं माध्यम असे. हे सगळं लागतंच. माझा त्याला विरोध नाही. पण या विषयांवर माणूस आपल्या गतीने बोलतो, समोरचा थांबून ऐकतो आणि कुणाचंही काही पणाला लागलेलं नसतं. घरी आई प्रेमापोटी सोपं करून बोलते. पाहुण्यासाठी वेग कमी होतो. म्हणजे दिवसभर स्वाहिलीत राहूनसुद्धा, जिथे तिच्यासाठी कुणी थांबत नाही अशा जागी ती एकदाही बसलेली नव्हती.

विकोबा

म्वालिमूंनी सुचवलं की तिला एखाद्या गटाच्या बैठकीला नेऊ. अरुशाजवळच्या तेंगेरूच्या बाजूला त्यांच्या ओळखीचा एक गट होता. अशा गटांची पद्धत 1991 साली नायजर देशात केअर या संस्थेने सुरू केलेल्या बचत गटांपासून आली. दर आठवड्याला बैठक, प्रत्येकीने हिस्से घ्यायचे, पासबुकात नोंद व्हायची, त्यातून कर्जं द्यायची, अडीअडचणीसाठी वेगळा निधी, पैशाच्या पेटीला तीन कुलुपं आणि किल्ल्या तिघींकडे. 2018 च्या सूक्ष्मवित्त कायद्यानंतर या गटांना नोंदणी करावी लागते, घटना लिहावी लागते, इतिवृत्त ठेवावं लागतं. याहून जुना, साधा प्रकार म्हणजे उपातू : आपली भिशीच.

जाण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागल्या. पहिली परवानगीची. टांझानियात परदेशी माणसाला संशोधन करायचं तर कॉस्टेक या सरकारी आयोगाची परवानगी लागते. ती भाषेच्या अभ्यासक्रमासाठी आली होती, संशोधनासाठी नव्हे. त्यामुळे बैठकीतलं काहीही प्रबंधात जाणार नाही, ध्वनिमुद्रण होणार नाही, वहीत कुणाचं नाव किंवा रक्कम येणार नाही, हे तिच्याकडून आणि गटाकडूनही आधीच मान्य करून घेतलं. तिला हे जड गेलं. समोर आपल्या विषयाचा जिवंत गट आणि त्यातलं एक वाक्य वापरायचं नाही! पण माझ्या मते ही अट तिच्या फायद्याचीच ठरली. माहिती गोळा करायची नव्हती, म्हणून ती नुसती ऐकू शकली.

दुसरी गोष्ट नाजूक होती. तिचा चेहरा भारतीय. पूर्व आफ्रिकेत 'म्हिंदी', म्हणजे भारतीय, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुकानदार येतो, आणि दुकानाबरोबर उधारीची वहीही. त्या नात्याला मोठा इतिहास आहे : समाजवादाची दिशा ठरवणारा 1967 चा अरुशा जाहीरनामा, 1971 च्या कायद्याने सरकारजमा झालेल्या इमारती, देश सोडून गेलेली असंख्य कुटुंबं आणि राहिलेली थोडी. हातात वही घेऊन एक भारतीय बाई बचत गटात आली, तर ती कर्ज देणाऱ्या कंपनीची आहे असंच वाटणार. आणि वाटलंही. पहिल्या बैठकीत एका आजींनी सरळ विचारलं, "व्याज किती घेता तुम्ही?"

म्वालिमूंनी याची तयारी आधीच करून घेतली होती. स्वतःची ओळख कशी करून द्यायची, याचा सराव त्यांनी तिच्याकडून तीन दुपारी करून घेतला. विद्यापीठ, पदवी, विषय हे सगळं शेवटी. आधी वडीलधाऱ्यांना शिकामो, म्हणजे आदराचा नमस्कार. मग कुठल्या घरी राहते, ती आई कोण. मग आपलं गाव, आपली आई, आईचा गट. मागायचं ते "नाओंबा", म्हणजे विनंती करते, असं म्हणून, आज्ञार्थ टाळायचा. भारतीय दुकानदारांच्या तोंडची तुटक, हुकमी स्वाहिली तिथे सगळ्यांच्या ओळखीची आहे, आणि त्यापुढे तिच्या तोंडची ही रीत वेगळी उठून दिसली. आजींच्या प्रश्नावर तिने सांगितलं की माझी आईपण तुमच्यासारखीच पेटीची किल्ली सांभाळते, गटाबाहेरच्या कुणाला व्याज देत नाही आणि कुणाकडून घेतही नाही. मग पुढची दहा मिनिटं साताऱ्याच्या गटाबद्दल प्रश्न आले. हप्ता चुकला तर तुमच्याकडे काय करतात? नवरे पैसे मागतात का? न लिहिलेली, न तपासलेली ती तिची पहिली दीर्घ स्वाहिली होती. चुका भरपूर झाल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पुढचे प्रश्न विचारले.

त्यानंतर ती दर आठवड्याला जात राहिली. बैठकीचा क्रम ठरलेला : प्रार्थना, हजेरी, उशिरा येणाऱ्यांना दंड, मागचं इतिवृत्त, हिस्से, निधी, कर्जाचे अर्ज आणि शेवटी मेंगिनेयो, म्हणजे ऐनवेळचे विषय. पहिले टप्पे तिला दुसऱ्याच बैठकीपासून कळू लागले, कारण ते दर वेळी तेच असतात. कर्जाचा अर्ज मात्र कुणी सरळ मांडत नसे. आधी मुलाचं आजारपण, मग पाऊस, मग शाळेची फी, आणि रक्कम सगळ्यात शेवटी, हळू आवाजात. नकारही सरळ येत नसे. अध्यक्षबाई म्हणायच्या, "ऐकलं आम्ही, मामा (स्वाहिलीत आई). बघू." हे "बघू" हो आहे की नाही, ते आवाजावरून आणि पुढच्या विषयाकडे किती लवकर जातात यावरून ओळखायचं. साताऱ्यात वाढलेल्या मुलीला त्यात नवीन काही नव्हतं. ते स्वाहिलीत ओळखायला मात्र तिला काही बैठका लागल्या.

खरी भांडणं मेंगिनेयोत व्हायची, आणि ती रंगली की बायका तिथल्या मेरू समाजाच्या भाषेत शिरायच्या. ती घाबरली की आपल्याला आता काहीच येत नाही. म्वालिमूंनी सांगितलं, गटात मेरू आहेत, चागा आहेत, इतर समाजांच्या बायका आहेत. स्वाहिली ही बैठकीची भाषा आहे, भांडण आपापल्या भाषेत होणारच. ते आपल्याला समजत नाही हे शांतपणे सोसणं हाही अभ्यासाचा भाग आहे.

त्यांनी तिला दिलेला गृहपाठ मला फार आवडला. बैठकीत काही लिहायचं नाही. घरी येऊन आठवणीतून, नावं आणि आकडे वगळून, बैठकीचं इतिवृत्त स्वाहिलीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून ते वाचायचे. सुरुवातीच्या इतिवृत्तांत देणारा-घेणारा हमखास उलटा व्हायचा. चौथ्या आठवड्यात एकदा तिने लिहिलं होतं की गटाने सभासदाकडून कर्ज घेतलं. हळूहळू ते प्रत्यय बसू लागले, कारण आता त्यांच्यामागे तिने पाहिलेली माणसं होती.

सहाव्या आठवड्यात गटाच्या कातिबू, म्हणजे सचिव, तिचं लेखन बघायला तयार झाल्या. त्यांनी आपलं इतिवृत्तही वाचून दाखवलं. तिने अर्धं पान भरून वाद मांडला होता : कुणी आवाज चढवला, कुणी उठून गेली, कुणी परत आणून बसवलं. सचिवबाईंनी तिथे एकच वाक्य लिहिलं होतं : "वाजुंबे वालिजादिली क्वा किना", सदस्यांनी सखोल चर्चा केली. त्या म्हणाल्या, "हे कागद उद्या सरकारी माणूस वाचेल, बेटा. आणि परवा ती उठून गेलेली बाई पण वाचेल." काय लिहायचं नसतं आणि ते कोणत्या साच्यात झाकायचं असतं, हे आमच्या चार तासांच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. शिकवता आलं असतं असंही मला वाटत नाही.

काय हाती लागलं

शेवटच्या तोंडी परीक्षेत तिची पातळी 'अ‍ॅडव्हान्स्ड लो' आली. कागदावर एक पायरी. ज्यांनी पैसे दिले त्यांना अहवालात हीच पायरी दिसते. पण परीक्षकाने अडचणीचा प्रसंग घातला तेव्हा ती आधीसारखी थांबली नाही. हरवलेल्या पासबुकाची तक्रार तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काळ न घसरता, समोरच्याला न दुखावता मांडली.

सगळं सुधारलं असं मात्र नाही. निबंधाची भाषा जवळपास तिथेच राहिली, कारण शेवटच्या आठवड्यांत वर्गाचे तास कमी करून आम्ही ते बैठकांकडे वळवले होते. वर्तमानपत्रातले अग्रलेख तिला अजून अडतात. तिच्याच तुकडीतला एक इतिहासाचा विद्यार्थी होता. त्याला जुनी कागदपत्रं वाचायची होती. त्याला बैठकीला पाठवून काही साधलं नसतं आणि आम्ही पाठवलंही नाही. तो दुपारभर ग्रंथालयात म्वालिमूंबरोबर बसायचा, आणि त्याच्यासाठी तेच योग्य होतं. सगळ्यांना एकच प्रगत अभ्यासक्रम देण्याच्या मी विरोधात आहे ती यामुळेच. प्रगत पातळीला पोचलेल्या माणसाला भाषा कशासाठी हवी आहे हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. ते अर्जातच विचारावं आणि निम्मं वेळापत्रक त्यावर बेतावं.

हे स्थानिक शिक्षकांशिवाय होत नाही. गट म्वालिमूंच्या ओळखीचा होता, शब्दही त्यांनीच टाकला. पुढच्या तुकडीच्या अंदाजपत्रकात आम्ही त्यांच्या या कामाचे तास वेगळे धरले, कारण तोवर ते दुपारी आपल्या वेळातून हे सगळं करत होते.

ती नंतर कॉस्टेकची रीतसर परवानगी घेऊन क्षेत्रकार्याला परतली. तेंगेरूचा गट तिने अभ्यासासाठी घेतला नाही. तिथे ती पाहुणी म्हणून गेली होती आणि ते तसंच राहावं असं तिला वाटलं. दुसऱ्या भागातले गट निवडले. लेखी स्वाहिलीसाठी तिची आठवड्यातून दोनदा म्वालिमूंकडे फोनवर शिकवणी सुरू आहे, आणि त्याचे पैसे आता ती स्वतः देते.